सांगून गेलेलं पान

"पान गेलं, पण सांगून गेलं," द्राक्षबागेत भुरी आलेलं पान खुडत बाबा कामाला येणाऱ्या सखूमावशींना म्हणाले. बुरशी लागली की पान हॉर्मोन तयार करतं, त्याचा निरोप वेलभर जातो आणि बाकीची पानं आधीच सावध होतात. हे मी कॉलेजात इंग्रजीत पाठ केलं होतं. निरोप हा शब्द मात्र पुस्तकात नव्हता.

"वैनींनी कुठं सांगितलं?" मावशी पुटपुटल्या.

आईने छातीतली गाठ शेवटपर्यंत लपवली. बागेत साडीवर घालायचा तिचा जुना शर्ट आज माझ्या अंगात होता. बाह्यांना अजून तिच्या कोपरांचा बाक होता. महिनाभर मीही त्याच शर्टाआड चाचपत, गप्प होते.

"बाबा," मी म्हणाले, "मलाही गाठ आलीय."