न रंगवलेलं छप्पर

नवऱ्याच्या बदलीमुळे जयपूरला आले आणि हवामानाचे आकडे सरकारी फायलीत बसवण्याचं काम मिळालं. शास्त्री नगरच्या कडेला पत्र्याची बारा घरं निवडली. छपराला पांढरा चुना दिला की आतला उकाडा किती उतरतो, हे दाखवायचं होतं. यादी केली: सहा घरांना चुना, सहा तशीच. तुलनेला न रंगवलेली घरं लागतातच.

त्या तशाच सहांपैकी एका घरात एक सून होती आणि खाटेवर लकवा झालेला सासरा. घरात टांगलेला थर्मामीटर दिवसातून तीनदा बघून वहीत लिहायचं काम ती इतकं चोख करायची की बाकीच्यांना मी तिची वही दाखवायचे. समोरचं छप्पर पांढरं झालं तेव्हा तिने विचारलं, "मॅडमजी, हमारी छत कब होगी?" पावसाळ्यानंतर, मी सांगितलं.

मे महिन्यात तिच्या नवऱ्याने स्वतःच चुन्याचं पोतं आणलं. कळल्याबरोबर मी गेले. आता रंगवलंत तर यादीतून नाव जाईल आणि पुढे सगळ्यांच्या छपरांना चुना द्यायची सरकारी योजना येईल तिच्यातही बसणार नाही, असं बजावलं. योजनेचा तसा काही नियम नव्हता. तो मी दारात उभ्याउभ्या तयार केला. म्हाताऱ्याला दुपारी दुसरीकडे हलवा, असंही म्हणाले. कुठे, ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. नवरा कुरकुरला. "पढ़ी-लिखी हैं, सोचकर ही कह रही होंगी," सून त्याला म्हणाली. पोतं भिंतीशी राहिलं.

महिनाअखेरीस सासरा गेला. मी निरोप पाठवला, गेले नाही. अहवालाची मुदत होती.

बैठकीत साहेबांनी आलेखातल्या न रंगवलेल्या घरांच्या रेषेवर बोट ठेवलं. "ही छान वर गेलीय. मंत्र्यांना हीच दाखवू." बाकीच्या पाच घरांनी निम्म्या नोंदी बुडवल्या होत्या, रेषा बहुतेक तिच्याच वहीवर उभी होती. योजना मंजूर झाली.

पावसाळा संपल्यावर माणसं घेऊन तिच्याकडे गेले. चुना लागत होता तेव्हा ती हळूच जवळ आली. बाबूजी गेले त्या दुपारी डॉक्टरकडे धावपळ झाली, तेवढी एक नोंद संध्याकाळी अंदाजाने लिहिली, असं तिने सांगितलं. "गड़बड़ तो नहीं हुई न, मॅडमजी?"

नाही म्हणाले. घरी येऊन ती नोंद काढून टाकली आणि सरासरी पुन्हा काढली. फरक पडला नाही.