मॉरिशसची आजी

माझी मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्याशी एक अख्खं मराठी वाक्य बोलली नव्हती. समजायचं सगळं. "हात धुऊन ये" म्हटलं की हात धुऊन यायची, पण उत्तर डचमध्ये. माझी आई पिंपरीहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करून तिच्याकडून त्रिशरण म्हणवून घ्यायची. ते ती पाठ म्हणायची आणि संपताक्षणी डच टाटा, "डूई!" करून पळायची. आई म्हणायची, "तू घरात मराठी बोलत नाहीस वाटतं." मला रडू यायचं, कारण मी दुसरं काही बोलतच नव्हते.

आम्ही नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेला राहतो. नवरा युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. मी त्याच्या व्हिसावर आले, चार वर्षं घरी काढली आणि मग अ‍ॅमस्टरडॅममध्ये, स्लोटरडाइकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं. मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिस. सकाळी सहाची ट्रेन, परत यायला सात वाजायचे. त्या दोन दिवशी मुलीला शाळेतून कोण आणणार?

तेव्हा शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "मी आणतो की. मी पण मराठी."

त्या मॉरिशसच्या. तरुणपणी नर्स म्हणून इथं आल्या, डच माणसाशी लग्न केलं, आता तो नाही आणि त्याही निवृत्त. त्यांची पणजी रत्नागिरीकडून बोटीनं उसाच्या मळ्यात कामाला गेली होती. त्यांच्या मराठीत बाई-पुरुष सगळे एकाच लिंगात बोलायचे आणि मधेमधे तिथल्या क्रिओल भाषेतले शब्द यायचे. मला आतून हसू यायचं. सोय झाली म्हणून मी त्यांना मावशी म्हणू लागले. मुलगी त्यांना आजी म्हणायला लागली. तेही कुणी न सांगता.

महिन्याभरात माझं हसू गेलं. मुलगी घरी आली की तोंडात फक्त बेट. तिथल्या गुलाबी कबुतराचं डोकं फिकट आणि अंग गुलाबी असतं. तिथला एक छोटा ससाणा एके काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरला होता, माणसांनी अंडी उबवून त्याला वाचवलं. तिथली वटवाघळं लिची खातात म्हणून बागवाले चिडतात. हे सगळं ती मला डचमध्ये सांगायची. पण एकदा मी लवकर परतले, शेजारच्या दाराशी उभी राहिले, तर आतून तिचा आवाज आला. "आजी, मग डोडो पळाला का नाही?" मराठीत. इतक्या सहज, जसं काही ती रोजच बोलत होती.

मी बेल न वाजवता तशीच दोन मिनिटं उभी होते. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यानंतर मी मावशींच्या चुका काढायला लागले. त्या "आमचा भाषा" म्हणाल्या की मी मुलीकडे बघून म्हणायचे, "आमची." मावशी हसून "हो हो, आमची" म्हणायच्या. मुलगी माझ्याकडे बघायचीच नाही.

मग शाळेत तिचं भाषण आलं. इथं प्रत्येक मुलाला वर्गासमोर एका विषयावर बोलावं लागतं. मला वाटलं, भारत घेईल, मी अजिंठ्याचे फोटो काढून ठेवले. तिनं मॉरिशस घेतलं. शिक्षिकेनं आजीला यायची परवानगी दिली होती. मावशी घरची कासवाची छोटी लाकडी मूर्ती आणि स्वतःच्या आईचा जुना फोटो घेऊन येणार होत्या. दिवस ठरला गुरुवार. मंगळवारी रात्री शाळेतून कळलं, उद्या बुधवारीच होईल. मुलगी डचमध्ये म्हणाली, आजीला सांगशील ना? मी हो म्हटलं.

सांगितलं नाही. विसरले नव्हते. मेसेज टाईप केला, पुसला आणि भाजी चिरायला घेतली.

बुधवारी मी एकटी मागच्या बाकावर बसले. ती बोलताना सारखी दाराकडे बघत होती. आपलेच डच लोक जहाजांतून त्या बेटावर गेले, असं तिनं वर्गाला सांगितलं. त्यांनी काळ्या लाकडाची आबनुसाची झाडं तोडली, डुकरं सोडली, उंदीर उतरले, डोडो संपला आणि मग ते बेट सोडून आले. त्यानंतर फ्रेंच, मग इंग्रज. गुलामांनी ऊस लावला, गुलामी संपल्यावर भारतातून माणसं नेली. एका मुलानं विचारलं, "आपण सॉरी म्हटलं का?" शिक्षिकेनं पुढच्या मुलाकडे बोट केलं.

गुरुवारी मावशी कासव आणि फोटो पिशवीत घालून पावसात सायकलवरून शाळेत गेल्या. तिथं त्यांना कळलं.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. "मावशी, मी विसरले हो सांगायला."

"असू दे. तुला काम भारी," त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला.

घरी आल्यावर मुलीनं जोडेही काढले नाहीत. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू खोटा कशाला बोलला?"

माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य ते. मावशींचीच मराठी. मी मेसेज पुसताना तिनं पाहिलं होतं.

दोन दिवस घरात ती माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलली नाही. शनिवारी मी शेजारी गेले आणि खरं सांगितलं. मुलगी तुमच्याशी बोलते, माझ्याशी नाही, ते मला सहन होत नाही, असंही सांगितलं.

मावशींनी टेबलावरचा कप बाजूला सरकवला. "मला वाईट वाटला," त्या म्हणाल्या. "फार. त्या पोरांसमोर." मग म्हणाल्या, "तू आईला फोन करते, भांडते, सगळा मराठीत. भिंतीतून ऐकू येतो. मी माझ्या आईशी क्रिओल बोलला. मराठी फक्त गणपतीला, जाखडी नाचताना. आई गेली तेव्हा तिच्या भाषेत काय म्हणायचा, मला ठाऊक नव्हता. तुझा किती हेवा करतो मी, तुला माहीत नाही."

मी माफी मागितली. त्यांनी लगेच "असू दे" म्हटलं नाही, ते मला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात शिक्षिकेला विचारून मी त्यांना पुन्हा वर्गात बोलवलं. मी गेले नाही. कसं झालं ते मुलीनं मला जेवताना सांगितलं, अर्धं डचमध्ये, अर्धं मराठीत. माझ्याशी बोलते त्यापेक्षा ती अजूनही शेजारीच जास्त बोलते. मंगळवारी परतीच्या ट्रेनमध्ये बसले की आता तिथं काय गप्पा चालल्या असतील, हा विचार येतोच, आणि तो आला की अजूनही थोडा हेवा वाटतो.