अब्बांनी नवा कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा

आमचा फोटो स्टुडिओ कळंबला, बाजाराच्या रस्त्यावर आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून अब्बा तो चालवत आलेत. बारावी झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली शिकले. आमच्याकडच्या लग्नात बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाईच लागते, आणि अब्बांना ती आयती घरातच मिळाली. पुढं बाकीच्या समाजाचे लोकही मला बोलवायला लागले. हळदीला मी, मंडपात अब्बा, अशी आमची वाटणी ठरली. लग्न होऊन मी गावातल्या गावातच, दोन गल्ल्या पलीकडं गेले, त्यामुळं काम सुटलं नाही.

घरात आम्ही दखनी बोलतो. पण घराबाहेर पडलं, कॅमेरा हातात आला, की अब्बा माझ्याशीही मराठीवर यायचे. ज्या उस्तादांकडं ते धंदा शिकले ते मराठी होते, म्हणून असेल. "हनुवटी जरा खाली", "हलू नका", "सावली पडतीय, फुडं या" हे त्यांच्या तोंडून दखनीत कधी आलंच नाही.

त्यांना काचबिंदू आहे हे बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूसारखं हे काढून टाकता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. त्यांनी थेंब लिहून दिले. अब्बांनी येताना गाडीत एवढंच म्हटलं, "तुझ्या अम्मीला म्हणायचं, डोळे कोरडे पडल्यात." त्यानंतर ते नेमानं थेंब टाकत राहिले आणि आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नाही.

काचबिंदूत नजर कडेकडेनं जाते. मधलं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपलं ठीक चाललंय. समोरच्याला कळतं ते फार उशिरा. अब्बांची नजर किती गेलीय हे मला कळलं ते एका लग्नाच्या अल्बममुळं. नवरीकडची मंडळी स्टुडिओत आली आणि अल्बम उघडून म्हणाली, "चाचा, आमचं थोरलं मामा कुठं गेलं?" स्टेजवरच्या एकाही फोटोत मामा नव्हते. एका फोटोत त्यांचं कोपर होतं, एकात फेट्याचा शेमला. ते सगळ्या वेळी रांगेच्या टोकाला उभे होते. अब्बा म्हणाले, "हलले आसतील." मंडळी नाराज होऊन गेली. मामांचा जेवतानाचा एक फोटो माझ्याकडं निघाला, तो मी मोठा करून त्यांना पोचवला.

त्या दिवशी अब्बांनी जुना कॅमेरा माझ्यापुढं ठेवला. "ह्याचा आरसा काळवंडलाय बघ. आतून बघितलं की चारी बाजूनं अंधारल्यासारखं वाटतं."

मी डोळ्याला लावून बघितला. आत सगळं स्वच्छ होतं, कोपऱ्यापर्यंत. मी तो कापडानं पुसला आणि पिशवीत ठेवला. 

मग येरमाळ्याचा एक फोटोग्राफर चहाला आला असताना त्यानं नव्या मिररलेस कॅमेऱ्याचं वर्णन केलं. "ह्याच्यात आरसाच न्हाय, चाचा. डोळ्यापुढं बारका टीव्ही लावल्यागत दिसतं. मंडपात अंधार आसू द्या, आत लख्ख." अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. परत परत विचारलं, अंधार असला तरी? सगळा चौकोन दिसतो का? तो म्हणाला, सगळा.

पुढचे काही दिवस अब्बा वेगळेच झाले होते. दाढी नीट करायला लागले. स्टुडिओत बसून शिट्टी वाजवायचे. अम्मीनं मला विचारलंसुद्धा, "क्या हुआ इनकू? बडे खुश हैं." आणि एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि मला निरोप धाडला, धाराशिवला जायचंय, लॅबवाल्याकडं तो कॅमेरा आलाय, हातात घेऊन बघायचा.

एसटीत खिडकीशी बसून ते पुढच्या हंगामाचं बोलत होते. कुणाकुणाची लग्नं धरायची, मंडपात आता मोठा फ्लॅश नेण्याची गरज पडणार नाही, खांदा दुखणार नाही. येडशी मागं पडलं तरी बोलणं संपलं नव्हतं. एवढं बोलताना मी त्यांना कितीतरी दिवसांनी बघत होते. धाराशिवला उतरताना मात्र त्यांनी बसच्या पायरीवर पायानं चाचपून बघितलं, मग दुसरा पाय टाकला. मी हात पुढं केला नाही. केला असता तर झिडकारला असता.

लॅबवाला अब्बांना फिल्मच्या काळापासून ओळखतो. आमचे सगळे अल्बम त्याच्याकडंच छापून होतात. त्यानं स्टूल पुसून दिलं, पाणी मागवलं आणि काउंटरच्या काचेवर मऊ कापड अंथरून कॅमेरा ठेवला.

"एवढासाच?" अब्बा म्हणाले. उचलून बघितला. "पोटात काय हाय का ह्याच्या, का नुस्तं खोकं?"

लॅबवाला हसला. त्यानं लेन्स फिरवून काढली. आमच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स काढली की आत तिरका आरसा दिसायचा. इथं समोरच फोटो टिपणारा सेन्सर होता, जांभळट-हिरवी झाक मारणारा, कशाचाही आडोसा नसलेला. अब्बांनी तो डोळ्याजवळ नेऊन, मान हलवत हलवत बघितला. "उघडंच हाय की सगळं. धूळ बसंल."

"संभाळावं लागतं, चाचा. पण डोळ्याला तर लावा."

लॅबवाल्यानं लेन्स परत बसवली. अब्बांनी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला. कॅमेरा दोन्ही हातांत घेतला, कोपरं अंगाशी लावली. त्यांची उभं राहायची पद्धत जुनीच, डावा पाय किंचित पुढं. मला आणि लॅबवाल्याला ते म्हणाले, "दोघं शेजारी शेजारी उभं ऱ्हावा बघू, तितं, कपाटापुढं."

आम्ही उभे राहिलो. दोघांत हातभर अंतर असेल. अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग तोंडभर हसले. "आगं, काय लख्ख हाय! तुझ्या कानातलंबी दिसाया लागलंय. तुझ्या डोळ्यावर बारकी हिरवी चौकट आली बघ आपोआप, नेम धरल्यागत." त्यांचं हसू बघून मीही हसले. मला खरंच वाटलं, जमलं. डॉक्टरला काय कळतंय, असंही त्या क्षणी वाटून गेलं.

त्यांनी बटण दाबलं. मग कॅमेरा उलटा करून, पडदा नाकाला लागेल इतका जवळ धरून फोटो बघितला आणि आमच्यापुढं केला. "घ्या. दोघंबी झकास आलात."

फोटोत मी एकटी होते. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो होता. लॅबवाल्याचा अर्धा खांदा होता आणि शर्टाची बाही.

लॅबवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "व्हय चाचा. झकास."

पण त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि अब्बांचे कान तिखट. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. त्यांनी परत कॅमेरा डोळ्याला लावला. या वेळी फोटो काढला नाही. माझ्यावरून हळूहळू उजवीकडं नेला, लॅबवाल्यापाशी थांबवला. परत डावीकडं आणला, माझ्यापाशी थांबवला. मग कपाटाचं वरचं टोक शोधलं, मग खालचं. फूटपट्टीनं माप घ्यावं तसं त्यांनी सगळं एकदा फिरून बघितलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आत छपाईचं मशीन चालू होतं, तेवढाच आवाज.

शेवटी त्यांनी कॅमेरा कापडावर ठेवला. नीट, लेन्सवर टोपण लावून.

"ह्याच्यातबी कडा न्हाईत," ते म्हणाले.

लॅबवाल्याला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "सेटिंग बदलून बघू का, चाचा? पडद्याचा उजेड वाढवता येतो."

"न्हाय. उजेड लई हाय. कॅमेरा चांगला हाय तुझा." मग चष्मा लावून माझ्याकडं वळले. "तू बघ आता. तुला घ्यायचाय."

मी नको म्हटलं. ते म्हणाले, "घे म्हणतो ना."

मी घेतला. त्यानंतर जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला तो कॅमेरा आवडला. हातात असा बसला की जणू माझ्याच मापानं केलाय. आमचा जुना कॅमेरा मला कायम जड व्हायचा, संध्याकाळी मनगट सुजायचं. ह्याच्यात डोळा लावला आणि फोटो काढायच्या आधीच फोटो दिसला. चाक फिरवलं की उजेड कमी, परत फिरवलं की जास्त, सगळं डोळ्यापुढं घडत होतं. इतकी वर्षं मी अंदाजानं काढायचे आणि मग पडदा बघायचे. दाराकडून येणारं ऊन काउंटरच्या काचेवर पडून वर छताला लागलं होतं, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. माझं काळीज धडधडत होतं, आणि ते दुःखानं नव्हतं. वडील दोन हातांच्या अंतरावर उभे होते, त्यांचं सगळं नुकतंच संपलं होतं, आणि मी आनंदात होते. दोन्ही एकाच वेळी कसं राहू शकतं ते मला तेव्हा कळलं नाही, अजून कळत नाही.

मी अब्बांकडं कॅमेरा वळवला. हिरवी चौकट त्यांच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसली. त्यांनी सवयीनं मान ताठ केली, हनुवटी थोडी खाली घेतली आणि थांबले. मी बटण दाबलं. ते थांबलेच होते.

"काढ की," ते म्हणाले.

"काढला, अब्बा."

"आवाज कुठं आला?"

लॅबवाला म्हणाला, "ह्याला आवाज नसतो, चाचा. आरसाच न्हाय तर वाजणार काय? पाहिजे तर लावता येतो. आत आवाज भरून ठेवलेला आसतो, बटण दाबलं की वाजतो."

अब्बा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खोटा आवाज कशाला?"

परतीच्या गाडीत येडशीच्या पुढं गेल्यावर ते बोलले. बाहेर बघत बोलले. "रमजानपासून उजवा डोळा बंदच हाय. डाव्यात नळीतनं बघितल्यागत दिसतंय. मी म्हटलं, कॅमेरा जुना झाला. मला लई वाटत होतं, की कॅमेरा जुना झाला." थोड्या वेळानं म्हणाले, "माणूस आपल्याच डोळ्याला कसं इचारणार?" मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. कळंब येईपर्यंत तो माझ्या हातात होता, थंड, आणि अंगठ्यापाशी बटण दाबून दाबून पडलेला घट्टा माझ्या बोटांना लागत होता.

तो कॅमेरा आम्ही घेतला. अब्बांनीच हट्ट धरला. पहिल्या लग्नाला, लोहाऱ्याला, ते सोबत आले आणि पुरुषांच्या बाजूला खुर्चीवर बसून राहिले. येणारे जाणारे सलाम करायचे, "आज कॅमेरा कुठं, चाचा?" म्हणायचे. ते म्हणायचे, "आता पोरगी काढती." जेवणाच्या वेळी मी त्यांना बघायला गेले तर पुढ्यातली थाळी तशीच होती. कुणी वाढून गेलं ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यानंतर ते लग्नाला आले नाहीत.

दुकानातल्या कॅमेऱ्यात मी काढलेला त्यांचा फोटो मला मिळाला नाही. कार्ड लॅबवाल्याचं होतं. मी नंतर मागायला गेले तेव्हा तो फार ओशाळला. रोज माणसं येऊन बघतात, कार्ड भरलं की पुसतो, म्हणाला. तुमचा ठेवायला पाहिजे होता, ध्यानातच आलं नाही. त्याचं काय चुकलं? मीही त्या दिवशी मागितला नव्हता.

अम्मीला आता सगळं माहीत आहे. तिनं कुणाला बोल लावला नाही. थेंबाची बाटली स्वतःकडं ठेवली आणि रोज सकाळी अब्बांना स्टुडिओपर्यंत सोडायला लागली. अब्बा फोन घेतात, तारखा तोंडपाठ ठेवतात. सकाळी आल्यावर मागच्या खोलीतला मोठा लाइट लावायचा, ज्याच्यापुढं आम्ही पासपोर्टचे फोटो काढतो तो, आणि त्याच्यासमोर तोंड करून उभं राहायचं, असा त्यांनी नेम केला होता. मी आत आले की म्हणायचे, "हाय आजून उजेड." मी म्हणायचे, "असणारच." मग लाइट बंद करून खुर्चीवर येऊन बसायचे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मी जरा उशिरा पोचले. अब्बा मागच्या खोलीत होते. त्यांनी बटण दाबल्याचं मला बाहेर ऐकू आलं. मग परत दाबलं. परत. मी दारात गेले. मोठा लाइट जळत होता, त्यांच्या चेहऱ्यावर पांढरा उजेड पडला होता, कपाळावरची शीर न् शीर दिसत होती. ते त्याच्याकडं तोंड करून उभे होते.

"बेटा, लाइट गेलीय का?"

त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. चांगला मोठ्यानं वाजतो तो पंखा, मला दारात ऐकू येत होता.

"व्हय अब्बा," मी म्हटलं. "गेलीय."

ते तसेच उभे राहिले. वाऱ्यानं त्यांच्या शर्टाची कॉलर हलत होती.

"बरं," ते म्हणाले. "येईल मग." आणि भिंतीला हात लावत खुर्चीकडं निघाले.