तक्रारदार : डॉ. सबनीस

डॉक्टर सबनीस गेल्याचे त्यांच्या कंपाउंडरने दारात उभ्यानेच सांगितले, तेव्हा मी पोलीस खात्यातील एका वरिष्ठाला पत्र लिहीत होतो. ते पुरे करून पेटीत टाकले आणि मगच बनी पार्कमधल्या त्यांच्या घरी गेलो. डॉक्टरांना हेच आवडले असते.

सरकारी इस्पितळातली नोकरी सांभाळून ते रविवारी सकाळी घरी रोगी तपासत. पोलीस ठाण्यात मार खाल्लेली माणसे तिथे येत, कारण इस्पितळाच्या कागदावर 'जिन्यावरून पडला' एवढेच लिहिले जाई. डॉक्टर स्वतःच्या वहीत खरे लिहीत : जखमेची लांबी, ठाणे, शिपायाच्या बिल्ल्याचा नंबर. सुजलेले तळपाय, उपटलेली नखे, फाटलेला कानाचा पडदा... पाने भरत गेली तसे एकच ठाणे आणि एकच नंबर पुन्हा पुन्हा दिसू लागला.

"निनावी तक्रार केराच्या टोपलीत जाते, डॉक्टर. नाव-पत्ता हवाच," तक्रार लिहायला घेताना मीच बजावले.

"अहो, त्यांच्या पाठी अजून ओल्या आहेत."

"कायदा पाठ पाहत नाही, सही पाहतो."

हे वाक्य तेव्हा मला फार आवडले होते.

रोग्यांच्या नावापत्त्यांची यादी मी रजिस्टर पोस्टाने वर पाठवली. वरून ती 'चौकशीसाठी' त्याच ठाण्याकडे आली आणि शिपाई पत्ते वाचत घरोघर फिरले. टांगेवाल्या रामकिसनला त्यांनी बायकोसमोर फरफटत नेले. परतला तेव्हा त्याचा उजवा डोळा गेला होता. डॉक्टर पापणीला टाके घालत होते, मी दाराशी उभा होतो. तो मला म्हणाला, "बाबूजी, पता तो आपने एकदम सही लिखा था."

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत... रागावते तर बरे झाले असते. पुढच्या रविवारपासून वहीतल्या तक्रारदाराच्या रकान्यात ते रोग्याऐवजी स्वतःचे नाव घालू लागले. "सांगा तुमच्या कायद्याला, पत्ता पक्का आहे!" एके दिवशी भर दुपारी चौघे दवाखान्यात शिरले. डॉक्टरांच्या उजव्या हाताची बोटे त्यांनी टेबलाच्या खणात धरली आणि लाथेने खण बंद केला. त्यापुढच्या साऱ्या नोंदी डाव्या हाताच्या आहेत. त्या बिल्ल्याच्या शिपायाला मात्र बढती मिळाली. त्याविषयी मी दरमहा लिहितो, उत्तर नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी गेलो, तर सबनीस वहिनींनी दवाखाना उघडलेला. बाकावर एक धोबीण, ओठ फाटलेला. "भावजी, लिहा," म्हणत वहिनींनी वही पुढे केली. मी ठाणे विचारले, नंबर विचारला. तिचे नाव विचारले नाही. रकान्यात माझे नाव घातले, तिलक नगरचा माझा पूर्ण पत्ता लिहिला, आणि पत्ता शोधत येणाऱ्या शिपायांना वाचताना अडू नये म्हणून अक्षर सुवाच्य काढले.