मज्जाडॉक्टर

आमच्या डॉक्टरांकडे कुणीही आलं, मग तो खोकल्याचा रोगी असो की टपाल घेऊन आलेला पोस्टमन, त्याला ते आधी बाकावर बसवत. पायावर पाय टाकायला सांगत आणि तळहाताच्या कडेने गुडघ्याखाली हलकेच ठोका मारत. पाय टुणकन उडाला की म्हणत, "ठीक. खालचा कारभार सुरळीत आहे. आता बोला." बायकांच्या गुडघ्यांचं काम आम्हा शिकाऊ नर्सांकडे असे. मज्जातंतू, मज्जारज्जू हे शब्द दिवसभर त्यांच्या तोंडी असायचे, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे मज्जाडॉक्टर म्हणायचो. खेड्यातल्या रोग्यांनी त्याचं 'मजेचे डॉक्टर' केलं. ते डॉक्टरांना जास्त आवडलं.

मी सोलापूरच्या त्या दवाखान्यात शिकायला आले ती करमाळ्याहून. वय एकोणीस, मराठी सहावी पास, आणि लग्नानंतर वर्षभरात विधवा. आम्ही चौघी होतो. डॉक्टरांच्या लक्षात आमची नावं राहत नसत, गावं राहत. "करमाळा, पट्टी आणा. नातेपुते, हसू नका." शिकवायलाही त्यांना गावंच लागत.

"समजा, मेंदू म्हणजे सोलापूर," ते सांगत. "पाठीच्या कण्यातून खाली उतरते ती मोठी सडक, मज्जारज्जू. तिला जागोजाग फाटे फुटतात, ते मज्जातंतू. काही तंतू बातमी वर आणतात, काही हुकूम खाली नेतात. आता करमाळ्यात बोटाला चटका बसला. सोलापूरच्या हुकुमाची वाट पाहत बसलं तर बोटाचं भरीत होईल. म्हणून हात मागे घ्यायचा हुकूम सडकेवरूनच सुटतो. सोलापूरला मागाहून कळतं, मग ते 'आई गं' म्हणतं."

"आणि काळजाला हुकूम कोण देतं?" नातेपुतेच्या कृष्णाबाईंनी विचारलं.

"त्याचे तंतू निराळे, ते तुम्हाला विचारत नाहीत. तुमच्यावर सोपवलं असतं, तर गप्पांच्या नादात तुम्ही काळीज चालवायला विसरला असता."

मेंदू आम्ही प्रत्यक्ष पाहावा असं त्यांच्या फार मनात होतं. एकदा त्यांनी खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू मागवला. स्वतः सोवळ्या घरातले, त्यामुळे फडक्यात गुंडाळलेलं ते पुडकं चिमट्यात धरून त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि आम्हाला बोलवायला आले. आम्ही वह्या घेऊन पोचलो, तो दवाखान्यात स्वयंपाक करणारी खैरूनबी तवा उतरवत होती.

"भेजा तुमीच भेजे ना, डॉक्टरसाब? मैं समजी पकाने कू है. मिरची बराबर डाली."

डॉक्टर तव्यावर वाकले. मग म्हणाले, "मागच्या बाजूचा लहान मेंदू तरी ओळखू येतोय का, बघू." आणि त्यांनी उलथण्यानेच धडा पुरा केला. तोल सांभाळतो तो लहान मेंदू मी जन्मात पहिल्यांदा पाहिला तो तिखट-मिठासकट.

त्याच वर्षी मंद्रूपच्या गंगव्वा आपल्या सुनेला घेऊन आल्या. घर लिंगायत, भुसार मालाचं दुकान. सून गौरा, लग्नाला चार महिने झालेली. सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातून पाणी गळलं, म्हणून आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा डोळा मिटेना. ती पदराने तोंड झाकून बसली होती.

"वारं लागलंय म्हनत्यात," गंगव्वा म्हणाल्या. "म्हायेरी धाडतो आमी हिला. बरी झाली तर बगू."

बरी नाही झाली तर काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पांढऱ्या कपाळाने सासरहून परत आलेली मी, गौराच्या शेजारीच उभी होते.

डॉक्टर गौराला म्हणाले, "पोरी, कपाळाला आठ्या घाल बघू." डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवं कपाळ गुळगुळीत राहिलं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. आम्हाला त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं, "कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. मेंदूत बिघाड असता, तर तोंड ओढलं असतं, पण कपाळ हललं असतं. इथे कपाळही हलत नाही, म्हणजे मेंदू शाबूत. बाहेरचा, चेहऱ्याचा तंतू सुजलाय."

मग ते गंगव्वांकडे वळले. "दीड महिन्यात बरी होईल. झोपताना डोळ्यावर स्वच्छ फडकं बांधायचं. आणि रोज दोनदा गालाला कोमट तेल चोळायचं, तेही सासूच्याच हातानं. माहेरच्या हाताला या दुखण्यात गुण येत नाही."

"सासूच्याच हातानं हे कुठल्या पुस्तकात आहे?" त्या गेल्यावर मी विचारलं.

"ते तंतू पुस्तकात सापडत नाहीत, करमाळा," ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याच्या गुडघ्याकडे वळले.

मंद्रूपच्या दर बाजाराला ते मला तिकडे पाठवत. दीड महिना भरला तरी गौराचा गाल हलला नव्हता. डॉक्टरांची थट्टा आटली. त्या आठवड्यात ते स्वतः माझ्याबरोबर आले, आणखी थोडी मुदत मागायला. गंगव्वा ओसरीवर सुनेच्या गालाला तेल चोळत बसल्या होत्या. डॉक्टरांनी चाचरत विषय काढला.

"म्हायेरी कशाला धाडू?" गंगव्वा हात न थांबवता म्हणाल्या. "तितं तेल कोन लावनार हिला? तिच्या आईचा हात लई जड हाय."

डॉक्टरांनी उगाचच चष्मा पुसला.

पुढच्या बाजाराला मी गेले तेव्हा भाकरी करपली म्हणून गंगव्वा गौराला बोलत होत्या. गौराच्या कपाळावर आठ्या पडल्या. दोन्ही बाजूंना. मी तिला पाणी प्यायला लावलं, एक थेंब गळला नाही. गंगव्वांचं बोलणं मात्र सुरूच होतं.

दवाखान्यात येऊन सांगितलं, तसे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "मला खात्री नव्हती," ते म्हणाले. "बहुतेक बरे होतात, असं लिहिलेलं आहे. तेवढा 'बहुतेक' मी त्यांना सांगितला नाही."

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मला आपलं शरीरशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक दिलं. इंग्रजी मला येत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "चित्रं बघा."

पुढे ते वारल्याचं कळलं, त्या दिवशी मी ते पुस्तक पहिल्यांदा नीट पानोपान पाहिलं. प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक तंतूपुढे त्यांनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी नाव लिहून ठेवलं होतं. एवढं कधी लिहीत बसले, देव जाणे. चेहऱ्याच्या तंतूपुढे मात्र नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "मंद्रूपची गौरा. बावन्न दिवस. मला पंचेचाळीस दिवस झोप नाही. गंगव्वा 'म्हायेरी कशाला धाडू' म्हणाल्या, मग आली."