दारं कोण धरतंय

बारामतीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. बारावीला फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी तोच प्रश्न विचारतं. सर, लाल उजेडच लई वाढवला तर? मग मी खडू खाली ठेवतो. इलेक्ट्रॉन धातूच्या आत अडकलेला असतो. त्याला बाहेर काढायला कमीत कमी जेवढी ऊर्जा लागते, ते त्या धातूचं वर्क फंक्शन. ती ऊर्जा प्रकाशाच्या एकाच कणातून यावी लागते आणि कणात किती ऊर्जा आहे ते त्याच्या वारंवारतेवर ठरतं. लाल उजेडाची वारंवारता कमी; ती उंबरठ्याच्या खाली असेल तर हजार दिवे लावा, वर्षभर लावा, काही होणार नाही. वर असेल तर मिणमिणता दिवाही पुरतो, आणि इलेक्ट्रॉन लगेच बाहेर पडतो. थ्रेशोल्डला मी उंबरठाच म्हणतो, म्हणजे पोरांच्या डोक्यात राहतं.

हे मी सोमवारी शिकवायचो आणि रविवारी विसरायचो.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत असतील, बाहेर येत नाहीत एवढंच, तुम्ही बोलत राहा. मी बोलत राहिलो. दर रविवारी मोटारसायकलवरून गावी, निरवांगीला जायचं, खाटेशी बसायचं आणि मोठ्यानं विचारायचं, आबा, मी कोण? मला नोकरी लागल्यापासून ते मला मास्तर म्हणायचे. चेष्टेनंच म्हणायचे, पण चारचौघांत जरा जास्तच मोठ्यानं. तो एक शब्द मला त्यांच्या तोंडून परत ऐकायचा होता. दुसरं काही नको होतं.

आबा पत्र्याकडे बघत पडून राहायचे. मी आवाज चढवायचो. माझ्या लग्नातले फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे धरायचो. एकदा चिडून त्यांचा खांदाच हलवला, तेव्हा आई चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, अरं, ते बहिरं न्हायती. मला माझीच लाज वाटली. तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी शेजारच्या रानातले तात्या आले. त्यांच्या आणि आमच्या रानाला पाणी आणणारी चारी एकच, त्यामुळे कालव्याचं पाणी सुटलं की दोघांच्या पाळ्या पाठोपाठ येतात. तात्यांनी तब्येत विचारली नाही की ते आत आले नाहीत. दारात उभं राहून, वर्षानुवर्षं विचारत आले तसं, हळूच विचारलं.

"आबा, चारीला पाणी आलंय. दारं कोण धरतंय?"

दारं धरणं म्हणजे उसाला पाणी देणं. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. आबांनी जन्मभर तेच केलं.

आबांची मान वळली. डावा हात खाटेच्या कडेला फावडं चाचपायला लागला. "आलो," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होता.

आईनं तोंडाला पदर लावला. मी मात्र, खोटं कशाला सांगू, आधी तात्यांवर जळलो. एवढे महिने मी घसा फोडला आणि हा माणूस उंबऱ्यातून एक वाक्य बोलून गेला. मग उशिरा कळलं, की मी इतके दिवस लाल दिवाच मोठा करत होतो. ज्यानं हा धडा अठरा वर्षं शिकवला त्यानं.

पुढच्या रविवारी मी तयारीनं गेलो. पाणी बंद झालं होतं, चारी कोरडी पडली होती. तरी मी चप्पल न काढता दारात उभा राहिलो आणि तात्यांसारखा आवाज धरला. आबा, चारीला पाणी आलंय. दारं कोण धरतंय?

मान लगेच वळली. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ते सरळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता येईल तो शब्द.

"मीच येतो, तात्या," आबा म्हणाले. मग आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "पोराला हाक मारू नगं. अभ्यास करतोय त्यो."

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. मी शाळेत शिकत होतो तेव्हा तिथं अभ्यासाला बसायचो. पाण्याची पाळी यायची, बाहेर कुजबुज व्हायची आणि आबा फावडं उचलून एकटे निघून जायचे. मला त्यांनी एकदाही दारं धरायला नेलं नाही. मला ते सुखाचं वाटायचं. त्यांना सोबत हवी असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी मास्तर आहे, आबा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना हवं असलेलं उत्तर एकच होतं.

"बरं," मी म्हणालो. "न्हाय मारत हाक."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले, आणि मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.