पेवातली हवा

मेडशीकडच्या आमच्या गावाला तलाव मिळाला तो दुष्काळात. भागिरथाबाई आणि तिचा नवरा भिवाजी, दोघांनी त्याच्या भिंतीवर माती वाहिली होती. पुढे पाणी भरलं, विहिरी वर आल्या, तलावाखालची वस्ती सुखावली. ते पाणी जमिनीखालून सरकत वस्तीतल्या अंगणांपर्यंत आलंय, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भिवाजीच्या अंगणात पेव होतं. माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा, वर अरुंद तोंड, आत ज्वारी. बंद पेवात साचलेली हवा जीव घेते, हे घरोघरी ठाऊक. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. भिवाजी यात कधी चुकला नव्हता.

त्या आषाढात त्यानं कंदील सोडला, तो जळत राहिला. वरची ज्वारी काढून झाली तोच पाऊस आला, म्हणून तोंडावर फरशी सरकवली. दुसऱ्या सकाळी फरशी काढून त्यानं थेट पाय आत सोडले.

"कंदील?" भागिरथाबाईनं विचारलं.

"कालच तं पाह्यला. आता कायले?"

खालून त्यानं एकदाच "माणिक" अशी हाक मारली. मग काही नाही. तळाची ज्वारी तलावाच्या ओलीनं सडली होती आणि फरशीखाली एका रात्रीत पुन्हा जीवघेणी हवा साचली होती, हे नंतर कळलं.

माणिकराव हा त्यांचा एकुलता मुलगा, नुकतं मिसरूड फुटलेला. तो धावत आला आणि पेवात उतरू लागला. भागिरथाबाईनं त्याला मागून कवेत आवळलं. तो तिचे हात ओरबाडत होता.

"सोड मले! बाबा खाली हाय!"

"नाई सोडत."

"मरून राह्यला तो, माय!"

"माहीत हाय मले."

शेजारचा देवमन कंदील घेऊन आला. तोंडापासून हातभर खाली जाताच तो विझला. लोकांनी चादरी हलवून हवा घातली. कंदील तळापर्यंत जळाला तेव्हा कुठे भिवाजीला वर काढता आलं. अंग थंड पडलं होतं. देवमननंच त्रिशरण म्हटलं.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "पोरगं तं राखलं तुनं." माणिकराव ते ऐकून उठून जायचा. शेवटी जऊळक्याला स्टेशनावर हमाली धरली अन् तिकडेच राहिला.

भागिरथाबाईनं टोपल्या वाहून एकटीनं पेव बुजवलं. मग वस्तीत कुठंही पेव उघडलं की ती जाऊन उभी राहायची. काल पाहिलं असलं तरी आज पुन्हा कंदील सोडायला लावायची. काही जण चिडायचे. वस्तीतल्याच चंपाबाईच्या घरी आदल्या दिवशी जळलेला कंदील दुसऱ्या दिवशी खरंच विझला. उतरायला निघालेला माणूस बाजूला बसला.

एका दिवाळीला माणिकराव आला. ती भाकर वाढत होती. तो खाली मान घालून म्हणाला, "मी उतरलो असतो तं मीबी गेलो असतो. समजते मले. पण तुये हात दिसले का बाबाची हाक ऐकू येते."

भागिरथाबाईनं हात पदराखाली घेतले. "जेव," एवढंच म्हणाली.

तो जेवला. सकाळच्या एस्टीनं परत गेला. पुढे लग्न झालं, लेकरं झाली, सणावाराला तो येत राहिला. अंगणात बसायचा, लेकरांशी बोलायचा. मायशी त्याचं बोलणं मात्र कधी वाढलं नाही.